पट्ट्यावरचं नाव

जगातल्या पहिल्या सुंदरीला हिंगाचा वास येत असे.

ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या किराणा दुकानातून आमच्या शिवणाच्या बाईंनी एकदा हिंगाची पुडी आणली. पुडीचा कागद विलायती सचित्र साप्ताहिकातला होता, जाड आणि गुळगुळीत, आणि त्यावर एक उंच मुलगी मुकुट घालून उभी होती. खांद्यावरून तिरपा उतरलेला रेशमी पट्टा, पट्ट्यावर तिच्या देशाचं नाव. हिंग डबीत गेला. कागद मात्र बाईंनी सुरकुत्या काढून, उशीखाली दाबून, खळ लावून एका वहीत चिकटवला. वास काही गेला नाही. पाच वर्षांनी मी ती वही उघडली तेव्हाही पहिल्या पानावरून तोच वास उठला, उग्र, कडवट, फोडणीत पडण्याआधीचा. अजूनही तेल तापलं, मोहरी तडतडली आणि चिमटीतून हिंग सुटला, की माझ्या डोळ्यांपुढे लंडन उभं राहतं, जिथे मी कधी गेले नाही.

बाई शिंदे की छावनीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत शिवण आणि भरतकाम शिकवत. उंच, हडकुळ्या, कासोटा घट्ट खोचलेल्या. पाठ अशी की गवंड्यानं तिच्यावरून ओळंबा तपासून घ्यावा. उजव्या हाताच्या मधल्या बोटात, सुई रुतू नये म्हणून घालतात ते पितळी अंगुस्तान कायम असे. बाजारात, देवळात, जेवतानासुद्धा ते बोटातून निघत नसे. त्याची टकटक बाकावर झाली की वर्ग गप्प होई, आमच्या दारावर झाली की आई म्हणे, "आल्या तुझ्या लोहारीणबाई."

कापडाची सुलट बाजू बघण्यात त्यांना रस नव्हता. रुमाल हातात दिला की त्या तो उलटा करत, मागच्या गाठींवरून, लोंबत्या दोऱ्यांवरून नजर फिरवत आणि दोनांपैकी एक शब्द बोलत. काम बरं असलं तर "चालेल." नसलं तर "उसव." तिसरा शब्द चार वर्षांत कुणी ऐकला नाही. 'उसव' म्हणताना त्यांच्या आवाजात राग नसे, कीव नसे; ऊन पडलं आहे असं सांगावं तसं त्या सांगत. "उसवायला लाजू नये," म्हणत, "चुकीची शिवण अंगावर वागवायला लाजावं." वर्गात सर्वांत जास्त उसवणारी मुलगी मी होते. माझं लक्ष टाक्यांत नसे, शब्दांत असे.

त्या दिवसांत मी कविता लिहू लागले होते. पुण्याच्या एका मासिकात एक छापून आली, खाली माझं नाव. वडिलांनी अंक देव्हाऱ्याशेजारी ठेवला. बाईंनी तो हातात घेतला, सवयीनं पान उलटून मागची बाजू पाहिली, मग पुन्हा सुलटं करून माझ्या नावाखाली अंगुस्तान टेकवलं.

"कविता पुन्हा सुचेल," म्हणाल्या, "एवढं जप."

मला वाईट वाटलं. कवितेबद्दल चकार शब्द नाही. पुढे नावाच्या त्या तीन अक्षरांवरच सगळं येऊन ठेपणार होतं, हे तेव्हा कळण्यासारखं नव्हतं. आज जे नाव मी लावते, ते माझं राहिलं ते या बाईंमुळे.

ती वही पुढून उघडली तर शाळेची होती. त्यात मापं, कुणाच्या पोलक्याची, कुणाच्या परकराची. उलटीकडून उघडली की सुंदऱ्या सुरू होत. लंडनला दर वर्षी भरणाऱ्या जगत्सुंदरीच्या स्पर्धेचं बाईंनी वर्षाला एक पान केलं होतं. पहिल्या वर्षीची स्वीडनची. दुसऱ्या वर्षीची पुन्हा स्वीडनची. तिथे बाईंचा शेरा, 'एकाच घरात दोनदा.' तिसरी फ्रान्सची. चौथी इजिप्तची. पाचवी व्हेनेझुएलाची, हा देश नकाशात शोधायला आम्हां मुलींना एक तास लागला आणि भूगोलाच्या बाईंना दोन. सहावी जर्मनीची, ती माझ्या लग्नाच्या आधीच्या शरदात.

बाईंचं इंग्रजी जेमतेम. अक्षराला अक्षर लावत त्या वाचत आणि वाट खुंटली की आमच्या घरी येत. माझे वडील दरबारच्या दप्तरात कारकून होते. दरबार गेला तरी दप्तर होतं. दारात उभ्या राहून बाई आईला विचारत, "वहिनी, भाऊसाहेब आहेत का घरात? सुंदरी अडली आहे." आई पदर तोंडाला लावून आत पळे. वडील मात्र चष्मा पुसून गंभीरपणे ती सुंदरी सोडवून देत.

पहिल्या वर्षी बाई त्या पट्ट्यावर भाळल्या होत्या. "बघा गं," त्या आम्हांला म्हणाल्या, "हिच्या अंगावर बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही. देशाचं आहे. 'कुणाची तू' म्हणून विचारलं, तर एवढं मोठं उत्तर." दुसऱ्या वर्षी त्यांचं समाधान ढळलं. "सगळे स्वीडन, स्वीडन करून राहिले आहेत. ती पोर कुठे गेली? पट्ट्याखाली दबली की काय?" त्या दिवसापासून प्रत्येक पानावर दोन रकाने पडले. डावीकडे देश. उजवीकडे मुलीचं स्वतःचं नाव, आईनं हाक मारली असेल ते. उजवा रकाना भरल्याशिवाय पान पुरं झालं असं त्या मानत नसत.

इजिप्तच्या मुलीच्या वेळी कागद नेमका नावाशी फाटला होता. कुठल्याशा सरदाराच्या कोठीतून रद्दी दाना ओलीत येई आणि दुकानदार लाला तिच्या पुड्या बांधी. बाई त्याच्या दुकानी गेल्या. मी बरोबर होते.

"लाला, परवा जिरं बांधलंत त्या कागदाचा उरलेला तुकडा काढा."

लालानं तराजू खाली ठेवला. "मास्टरनी जी, जीरा लेना है कि परी?"

"परी मेरे पास है," बाई म्हणाल्या. "उसका नाम तुम्हारे पास रह गया है."

लालानं हसत हसत रद्दीचा ढीग उपसला. धन्याची, सुंठेची, ओव्याची धूळ आमच्या नाकातोंडात गेली. तुकडा मिळाला नाही. मग ओळीनं पाच रविवार बाई फूलबागेजवळच्या वाचनालयात जाऊन बसल्या. जुनी वर्तमानपत्रं पानागणिक उलटत, अंगुस्तानाची टकटक करत. ग्रंथपालानं दोनदा तंबी दिली. सहाव्या रविवारी दुपारी त्या आमच्या अंगणात आल्या, घामानं चिंब, आणि हरवलेलं मूल घरी परत आल्यासारखं म्हणाल्या, "सापडली." सोमवारी सबंध वर्गाकडून त्यांनी ते परकं नाव तीनदा म्हणवून घेतलं. खिडकीबाहेर कडुलिंब सळसळत होता, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या चाळीस मुली नाईलकाठच्या एका मुलीला हाक मारत होत्या.

बाईंना सौंदर्याचं वेड होतं असा कुणी समज करून घेईल. तसं नव्हतं. त्या मुली सुंदर होत्या का, यावर मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नाही. एकदा एका मुलीनं धीर करून विचारलं, "बाई, तिथे म्हणे सगळ्यांसमोर छाती-कमरेची मापं घेतात. शी." बाई तेव्हा त्याच मुलीच्या खांद्याचं माप घेत होत्या. "मीही घेतेच आहे की," त्या म्हणाल्या. "माप घेण्यात वाईट काही नाही. माप घेऊन जावं आणि कापड कुणाचं ते विसरावं, हे वाईट."

पण वही एके दिवशी कुणाच्या तरी आईच्या हाती लागली, आणि नेमकं पहिलं पान उघडलं. त्या पहिल्या वर्षी मुलींना पोहण्याच्या तोकड्या कपड्यांत उभं केलं होतं, आणि जिंकलेल्या मुलीला मुकुट चढला तोही त्याच कपड्यांत. जगभर गहजब झाला. पुढच्या वर्षापासून मुकुटाच्या वेळी अंगभर झगे आले. मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून घेतलं. आम्ही मुली व्हरांड्यात कान लावून उभ्या.

"हे असलं शाळेत कशासाठी?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आपल्या मुलींनी यातून काय घ्यावं?"

"तिला त्या कपड्यांत उभं केलं कुणी? परीक्षकांनी. शिव्या खाल्ल्या कुणी? तिनं," बाईंचा आवाज आला. "पण मुकुट काही तिनं परत केला नाही. एवढं घ्यावं."

"मी वही जप्त करू शकते, बाई."

"करा. पुढून जप्त केलीत तर शाळेची मापं जातील. गॅदरिंगचे पोशाख तुम्ही शिवा."

वही परत आली.

बाईंचे वडील दरबारच्या पोशाखखान्यात भरतकाम करत. शिपायांच्या, चोपदारांच्या लाल बनातीच्या लोकरी पट्ट्यांवर सोनेरी कलाबतूनं अक्षरं भरायची, हे त्यांचं काम. बाईंची बोटं त्या अक्षरांवर वाढली होती. ग्वाल्हेर संस्थान इंदुराबरोबर मध्यभारतात विलीन झालं, तेव्हा कचेऱ्यांतून फर्मान निघालं, की शिपायांच्या पट्ट्यांवरची जुनी अक्षरं काढून नवी घालावीत. आमच्या शाळेचा शिपाई आपला पट्टा घेऊन वर्गात आला. मी तेव्हा लहान होते, खालच्या वर्गातली. पण तो तास सगळ्या शाळेनं दारात दाटी करून पाहिला. बाईंनी पट्टा मांडीवर घेतला आणि वडिलांच्या हातचे टाके एकेक करून उसवले. कलाबतूच्या तारा कागदावर गोळा होत गेल्या, बारीक, चमचमत्या, केसांसारख्या.

शिपाई उघड्या खांद्यांनी उभा होता. "बाईसाब," तो हळूच म्हणाला, "अब हम किसके आदमी हैं?"

बाईंनी पट्टा उजेडाशी धरला. अक्षरं निघाली होती. पण वर्षानुवर्षं उन्हात बनात विटली होती, आणि अक्षरांखालची तेवढी विटली नव्हती. त्या जागी गडद लाल रंगात 'ग्वाल्हेर' स्वच्छ वाचता येत होतं.

"जिसके थे उसके," बाई म्हणाल्या. "ये देख. दोरा निकला, नाम नहीं निकला."

त्यांनी नवी अक्षरं भरली, पण जुन्यांवर नाही, अंगुळभर खाली. कचेरीतून विचारणा आली, की मजकूर मधोमध का नाही. बाईंनी उत्तर पाठवलं, 'वरची जागा भरलेली आहे.'

हे सगळं त्यांना इतकं झोंबत का असावं, ते मला फार उशिरा उमगलं. बाराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं, तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीनं नवऱ्यानं त्यांचं नवं नाव लिहिलं. तीन वर्षांनी तो दक्षिणेत नातेवाइकांकडे म्हणून गेला आणि परतला नाही. नवरा गेला, नाव राहिलं. माहेरी परतून दिलेल्या शिवणाच्या परीक्षेचा दाखला माहेरच्या नावाचा, नेमणूक सासरच्या नावाची. दरबारच्या राज्यात त्यावरून कुणाचं अडलं नाही, कारण सगळे त्यांच्या वडिलांना ओळखत. पण विलीनीकरणात नोकरांच्या नव्या याद्या झाल्या, आणि यादीत आमच्या बाई दोन निघाल्या. एक शिवणशिक्षिका, जिच्याकडे दाखला होता पण नोकरी नव्हती. दुसरी शिवणशिक्षिका, जिच्याकडे नोकरी होती पण दाखला नव्हता. पहिलीपुढे लिहिलं होतं, 'हजर झाली नाही.' दुसरीपुढे, 'अपात्र. नवी नेमणूक धरावी.' सतरा वर्षांची सेवा दोघींच्या मधल्या फटीतून पडून गेली.

बाईंनी अर्ज केले, प्रतिज्ञापत्र केलं, वडिलांच्या वेळच्या चार माणसांच्या साक्षी जोडल्या. उत्तर आलं, की दोन्ही उमेदवारांनी समक्ष यावं.

दुसऱ्या दिवसापासून बाई हजेरीपुस्तकात रोज दोन सह्या करू लागल्या. एक ओळ माहेरच्या नावाची, खालची सासरच्या. मुख्याध्यापिकांनी डोक्याला हात लावला. "अहो बाई, हे काय चालवलंय?"

"सरकार म्हणतं दोघी आहेत. मग एकीची गैरहजेरी का लावू?"

आजारी पडल्या तर एकीचीच रजा टाकत. दिवाळीत मुलींनी फराळाचं ताट नेलं तर दुसरं मागत. थट्टा म्हणून आम्ही 'थोरल्या बाई', 'धाकट्या बाई' म्हणू लागलो, तेव्हा त्या प्रसन्न झाल्या. "थोरली जास्त कडक आहे," म्हणाल्या, "तिच्या तासाला रुमाल नीट आणा." शाळा पाहायला आलेल्या एका साहेबानं हजेरीपुस्तक चाळून विचारलं, "दुसरी शिक्षिका कुठे आहे?" बाईंनी आपल्या सावलीकडे बोट दाखवलं. साहेब हसला नाही. बाईही हसल्या नाहीत.

आमच्या शेवटच्या वर्षी गॅदरिंगला बाईंनी सुंदऱ्यांचा फेरा बसवला. मुख्याध्यापिकांना वाटलं, देशोदेशींचे पोशाख असतील, भूगोलाचा पाठ होईल. पडदा उघडला तेव्हा आम्ही बारा जणी साध्या सुती साड्यांत उभ्या होतो, आणि प्रत्येकीच्या अंगावर लाल बनातीचा पट्टा. त्यावर देश नाही, गाव नाही. प्रत्येकीचं नाव, पोशाखखान्याच्या वळणदार अक्षरांत. आदल्या आठवड्यात पट्टे बेतताना हलकल्लोळ झाला होता. "बाई, मेरा पट्टा छोटा पडून राहिला आहे." "तुझं नाव मोठं आहे गं, पट्टा नाही छोटा." आणि खांद्याचा घोळ. चित्रांतल्या बऱ्याच मुलींचा पट्टा उजव्या खांद्यावरून उतरे; आमचा पदर डाव्या. दोन्ही छातीवर एकमेकांना छेदत आणि पदर नाव झाकून टाकी. आमच्या वर्गातल्या हिंदी घरच्या मुली पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेत. त्यांचं तर अर्धं नाव गडप. बाईंनी दोन दिवस विचार केला. मग ज्या खांद्यावर जिचा पदर, त्याच खांद्यावर तिचा पट्टा, पदराच्या वरून, असा निकाल दिला. "लंडनवाल्यांना कुठे माहीत पदर काय असतो. आपल्यातली कुणी जाईल तेव्हा सांगेल त्यांना."

पेट्रोमॅक्सचा सूं सूं आवाज, नव्या बनातीचा लोकरी वास, मानेला टोचणारी कलाबतू, सगळं आठवतं. एकेकीनं पुढे यायचं, आपलं नाव सांगायचं आणि आपल्याला जे येतं ते करायचं. एकीनं पाढा म्हटला, एकीनं भाकरी थापल्याचा नुसता हाताचा ताल धरला. मी कविता म्हणायची होती. मी पुढे आले आणि घाबरून पदर छातीवर ओढून घेतला; पहिलं अक्षर झाकलं गेलं. पडद्याआडून टकटक ऐकू आली. मग हलका, दातांतल्या दातांत धरलेला आवाज, "पदर मागे." मी पदर मागे सारला, आणि माझ्या स्वतःच्या नावाची तिन्ही अक्षरं दिव्याकडे तोंड करून उभी राहिली. खाली पहिल्या रांगेत कुणी पाहुण्यानं विचारलं, "परीक्षक कोण आहेत?" मुख्याध्यापिकांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "कुणी नाही. सगळ्या आल्या आहेत, तेवढं पुरे."

छप्पनच्या नोव्हेंबरात मध्यभारतही गेला. आठ वर्षं, दर साली सहा महिने आमच्याकडे आणि सहा महिने इंदुराकडे नांदलेली राजधानी भोपाळला निघून गेली. वडिलांचं दप्तर पेट्यांत भरलं जात होतं. रोज संध्याकाळी त्यांच्या कपड्यांना लाखेचा आणि जुन्या कागदाचा वास येई. शाळेचा शिपाई पुन्हा पट्टा घेऊन बाईंकडे गेला म्हणे, आणि बाईंनी तिसरं नाव आणखी अंगुळभर खाली उतरवलं.

त्याच हिवाळ्यात माझं लग्न ठरलं, इंदूरच्या घरी. राजधानी गेल्याचं सुतक दोन्ही घरी सारखं होतं, आणि सुतक सारखं असलं की सोयरीक सोपी जाते. मुलगा बांधकाम खात्यात ओव्हरसियर, मितभाषी. बघण्याच्या वेळी त्यानं माझी कविता वाचल्याचं सांगितलं आणि कानांपर्यंत लाल झाला. मला तो आवडला. मग सासूबाईंचं पत्र आलं. त्यात देण्याघेण्याचा विषय नव्हता, मानपानाचा नव्हता. शेवटी एक ओळ होती. 'मुलीचं नाव आम्ही सुलोचना ठेवायचं योजलं आहे, कळावे.'

मी पत्र घेऊन बाईंकडे गेले. त्या ओटीवर बसून गुंडीघर करत होत्या.

"सुलोचना," त्यांनी म्हणून पाहिलं. "सुंदर डोळ्यांची. म्हणजे डोळ्यांचं माप."

"रीत आहे बाई. सगळ्यांचंच बदलतं."

"सगळ्यांचंच बदलतं म्हणून तर इथे दोन बायका एका सुईवर काम करून राहिल्या आहेत." त्यांनी दोरा दातानं तोडला. "त्या मासिकात तुझी पुढची कविता जाईल. खाली कोण असेल?"

मी पत्राची घडी घातली. घरी येऊन आईला विचारलं, नाव बदलायलाच हवं का. आई पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं नाही. "माझं काय होतं गं माहेरचं नाव, आठवतं तुला?" ती म्हणाली. मला माहीतच नव्हतं. तिनं सांगितलंही नाही. वडिलांनी नव्या घरी शब्द टाकायला नकार दिला. ते स्वतः भोपाळच्या यादीत नाव शोधत होते. मी होणाऱ्या नवऱ्याला पत्र लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं, पेटीत ठेवलं. चौघांत बोलण्यासारखी गोष्टच नव्हती ती. माणसं तुटतात, देश तुटले होते, आणि मी तीन अक्षरांसाठी रडत होते.

लग्न लागलं. इंदूरची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटेची, म्हणून लक्ष्मीपूजन फूलबागेजवळच्या जानवशातच उरकायचं ठरलं. वधूबरोबर सासरी जायला पाठराखीण हवी. माझी मावशी तापानं आडवी झाली होती. आई हवालदिल. बाई पुढे झाल्या. "मी आहे ना," म्हणाल्या, "एकीच्या जागी दोघी जातील." त्यांनी सावलीसारखी जागा घेतली, बरोबर माझ्या पाठीमागे.

दिवेलागण झाली होती. समईतलं तेल, झेंडू, नव्या शालूचा खळीचा वास. पाटासमोर तांब्याचं ताट, ताटात तांदूळ, सपाट केलेले. सासूबाई मुलाला म्हणाल्या, "लिही रे बाळ, वळणदार लिही." त्यानं अंगठी हातात घेतली. क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग मान खाली घालून लिहिलं. तांदूळ बाजूला सरत गेले, खालचं तांबं समईच्या उजेडात अक्षराअक्षरानं उघडं पडलं. सुलोचना. कुणीतरी नाव मोठ्यानं वाचलं. साखरेची वाटी फिरू लागली. "पाया पड गं सुलोचना," असं कुणी म्हणालं, आणि मलाच म्हटलं आहे हे मला आधी कळलं नाही.

मी हात पुढे केला, पण पायांकडे नाही. ताटाकडे. तळहात उघडा करून तांदळावरून फिरवला. ते गार होते, किंचित ओलसर. चार अक्षरं माझ्या हाताखाली गेली आणि तांदूळ पुन्हा तांदूळ झाले.

साखरेची वाटी जिथे होती तिथे थांबली.

"हे काय अवलक्षण," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या इंदुरात असं नाही होत."

"आमच्याकडेही नाही होत, विहीणबाई," माझी काकू घाईघाईनं म्हणाली. "आजच झालं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं ताटाकडे पाहिलं, मग माझ्या तांदूळ चिकटलेल्या तळहाताकडे. मला वाटलं तो उठून जाईल. त्यानं अंगठी माझ्या हातावर ठेवली. आणि मी माझ्या लग्नात, माझ्या हातानं, माझं नाव लिहिलं. शेवटचं अक्षर वाकडं आलं. ते तसंच राहिलं.

सासूबाई दोन वर्षं मला सुलोचनाच म्हणत राहिल्या. मी ओ दिली नाही. भांडले नाही, उलट बोलले नाही; फक्त ओ दिली नाही. तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, कुरडया घालताना, कुणी आसपास नाही असं बघून त्यांनी मला त्यांचं माहेरचं नाव सांगितलं. त्या घरात तीस वर्षं कुणी ते उच्चारलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या मला माझ्या नावानं हाक मारू लागल्या, आणि मी, एकांतात, त्यांना त्यांच्या.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा सरकारच्या लेखी एकच बाई निवृत्त झाली, नव्या नेमणुकीची. गेलेली वर्षं मिळाली नाहीत. निरोपसमारंभाच्या दिवशी त्यांनी हजेरीपुस्तकात दुसऱ्या नावापुढे लिहिलं, 'मी अजून आहे', आणि सही केली. वही त्यांनी मला पाठवली. जर्मनीच्या मुलीनंतर पुष्कळ पानं भरली होती. पुढे एकदा आपल्यातली एक मुलगी जिंकली, तेव्हा ते पान मी भरलं. आधी उजवा रकाना, मग डावा.

सगळ्या वऱ्हाडासमोर तो हात पुढे कसा गेला, हे मला अजून विचारतात. नातवंडांना वाटतं मी पहिल्यापासूनच धीट. मी धीट नव्हते. नाव वाचलं गेलं, साखर फिरू लागली, आणि मी पायांवर वाकायला निघालेच होते. तेवढ्यात पाठीवर, शालूच्या जरीतून, अंगुस्तानाचं गार टोक टेकलं. बाई माझ्या खांद्यावरून ताटात पाहत होत्या, जशा माझ्या रुमालाची मागची बाजू पाहत. आणि ऊन पडलं आहे असं सांगावं, तशा स्वरात त्या मला म्हणाल्या,

"उसव."